घरओळीचे व्याकरण : लंडनची वीट, मुंबईचे वर्तुळ आणि कोल्हापुरी सोपा

इंग्लंडातील जॉर्जियन काळातील विटांच्या घरओळींविषयी मराठीत लिहावयाचे झाल्यास पहिला अडसर वास्तूचा नसून शब्दाचा येतो. इंग्रजीत ह्या रचनेस 'टेरेस' म्हणतात. सामाईक भिंतींनी परस्परांस जोडलेली, एकाच दर्शनी रेषेत उभी असलेली, एकाच नमुन्याची घरे असा त्या शब्दाचा तेथील अर्थ. मराठीने हा शब्द घेतला, परंतु तो गच्चीच्या अर्थाने. त्यामुळे 'जॉर्जियन टेरेस' असे लिहिले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर रस्ता न येता पापड वाळत घातलेले छप्पर उभे राहते. 'रो-हाऊस' हा शब्द अलीकडे घरबांधणीच्या जाहिरातींतून रूढ झाला आहे. पण त्यातील ओळ ही जमिनीच्या तुकड्यांची ओळ असते, दर्शनभिंतीची असतेच असे नाही. केवळ रचना पाहिली तर सर्वांत जवळचा शब्द 'चाळ' हा होय. पायांत बांधावयाचे 'चाळ' आणि राहावयाची 'चाळ' ह्यांचे लिंग भिन्न असले तरी एकसारख्या घटकांची सलग मांडणी ही कल्पना दोहोंत आहे. (व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा संबंध सिद्ध मानण्याची घाई अर्थातच करू नये.) तथापि 'चाळ' ह्या शब्दाला गिरणगावाचा जो सामाजिक अर्थ चिकटला आहे, तो लंडनच्या सरदारी वस्तीवर लादणे विनोदी ठरेल. म्हणून येथे 'घरओळ' हा साधा शब्द योजिला आहे.

शब्दाचा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मराठी स्थापत्यविषयक लेखनात 'जॉर्जियन' हे विशेषण बहुधा 'शैली' ह्या नामाला जोडून येते, आणि शैली म्हटली की लेखक खांब, त्रिकोणी शिरोभाग, दारावरील पंख्याच्या आकाराची काच अशा अलंकारांची यादी देऊन मोकळे होतात. ह्या यादीत घरओळीचे मर्म कोठेच सापडत नाही. जॉर्जियन घरओळीतील बहुसंख्य घरांना खांब नाहीत, शिल्प नाही, अलंकार जवळजवळ नाहीतच. जे आहे ते म्हणजे वाक्यरचना : कोणता घटक कोणत्या घटकाशेजारी, किती अंतराने आणि किती उंचीने यावा ह्याचा नियम. अलंकारशास्त्र घेऊन ह्या घरांकडे जाणारा समीक्षक रिकाम्या हाताने परततो. व्याकरण घेऊन जाणाऱ्याला मात्र पुष्कळ काही हाती लागते.

हे व्याकरण कोणा एका प्रतिभावंताने रचलेले नाही. १६६६ च्या आगीत लंडन जळाले आणि पुढल्याच वर्षीच्या कायद्याने घराच्या बाह्य भिंती विटेच्या वा दगडाच्या असाव्यात, घरांचे ठरावीक वर्ग असावेत असे बंधन घातले. १७०७ च्या कायद्याने छपराखालील लाकडी कंगोऱ्यांना मनाई केली. म्हणून दर्शनभिंत छपराच्याही वर उचलून कठड्यासारखी संपविण्याची रीत पडली. १७०९ च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या पृष्ठापासून चार इंच आत सरकविली. १७७४ च्या कायद्याने तर ती चौकट विटेच्या खाचेत दडविण्यास भाग पाडले आणि घरांचे चार वर्ग किंमत व क्षेत्रफळ ह्यांनुसार बांधून दिले : ८५० पौंडांहून अधिक किमतीचे आणि ९०० चौरस फुटांहून अधिक जागा व्यापणारे घर पहिल्या वर्गाचे, १५० पौंडांहून कमी किमतीचे व ३५० चौरस फुटांच्या आतील घर चौथ्या वर्गाचे. ह्या सर्व तरतुदी आगीच्या भयातून जन्मल्या. सौंदर्याचा विचार त्यांत नव्हता. परंतु खिडकी आत गेली तेव्हा तिच्या कडेला सावलीची एक सरळ रेघ उमटली, आणि विटेच्या सपाट भिंतीला जिवंतपणा आला तो त्या चार इंचांमुळे. फायरब्रिगेडच्या नियमातून सौंदर्य निपजल्याची ह्याहून चांगली उदाहरणे फारशी नसावीत.

कायद्याच्या जोडीला जमिनीची पद्धत होती. लंडनच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण जमिनी मोजक्या सरदार घराण्यांच्या मालकीच्या होत्या. मालक जमीन विकत नसे. तो ती ९९ वर्षांसारख्या दीर्घ मुदतीने भाडेपट्ट्यावर देई. घर उभे राहीपर्यंत भाडे नाममात्र, कागदोपत्री मिरीचा एक दाणा एवढेच असे. (सह्याद्रीच्या दक्षिण उतारावर पिकणारे मिरे लंडनच्या भाडेपट्ट्यात 'कवडीमोल' ह्या अर्थी रूढ व्हावे, ही व्यापाराच्या इतिहासातील एक गमतीची गोष्ट आहे.) पट्टा घेणारा बांधकामदार सुतार किंवा गवंडी असे, तो एका वेळी दोनतीन घरे उभारी आणि विकून पुढील घरांस हात घाली. म्हणजे ओळ एक, परंतु बांधणारे हात अनेक. असे असूनही ती एकजीव दिसते, ह्याचे कारण पट्ट्यात दर्शनभिंतीचा नमुना ठरवून दिलेला असे. मुदत संपली की घर मालकाच्या वंशजाकडे जाणार, म्हणून मालकाला ओळीच्या एकत्वात स्वार्थ होता. जॉर्जियन घरओळीचे सौष्ठव हे नागरिकांच्या समंजसपणाचे फळ आहे असे जे कधी कधी भावुकपणे लिहिले जाते, ते ह्या दृष्टीने तपासून घ्यावयास हवे.

आता प्रत्यक्ष दर्शनभिंत वाचून पाहावी. लंडनमधील बेडफर्ड स्क्वेअर, ज्याचे बांधकाम १७७५ च्या सुमारास सुरू होऊन काही वर्षांत पुरे झाले, हे ह्या रचनेचे नमुनेदार उदाहरण होय. चौकाच्या चारही बाजूंस विटांच्या घरांची एकेक सलग ओळ आहे. बहुतेक घरे तीन खिडक्यांच्या रुंदीची. तळमजल्यावर दोन खिडक्या आणि दार. पहिल्या मजल्यावर तीन उंच खिडक्या, कारण दिवाणखाना तेथे. त्यावरील मजल्यावर त्याच रुंदीच्या पण आखूड खिडक्या. सर्वांत वर जवळजवळ चौरस. रुंदी कायम ठेवून उंची मात्र क्रमाने बदलावयाची, ह्या एका नियमात घरातील सत्तेचा आणि प्रतिष्ठेचा सारा क्रम बाहेरून वाचता येतो. ओळीच्या मध्यावर एक घर गिलाव्याने पांढरे केलेले, अर्धस्तंभांचे आणि त्रिकोणी शिरोभागाचे असते. त्यामुळे संपूर्ण ओळ एका प्रासादाप्रमाणे दिसते. हे मधले घर म्हणजे वाक्यातील क्रियापद असे म्हणण्याचा मोह होतो; तो आवरावा. त्याच्या राहणाऱ्याचा ओळीतील इतरांवर कोणताही अधिकार चालत नाही, आणि आतून ते घर शेजारच्याइतकेच असते. ते विरामचिन्हासारखे आहे, एवढे म्हटल्यास पुरे.

कित्येक ओळींत भिंतीवर खिडकीचा आकार आहे, पण खिडकी नाही. विटांनी भरलेला कोनाडा आहे. ह्या आंधळ्या खिडक्यांचा दोष सरसकट खिडकीपट्टीवर ठेवला जातो. तो कर १६९६ पासून १८५१ पर्यंत होता आणि त्यापायी खिडक्या बुजविल्या गेल्या हे खरेच. परंतु अनेक आंधळ्या खिडक्या मुळातच आंधळ्या बांधलेल्या आहेत. आत भिंत वा धुराडे आले, पण बाहेर लय मोडू नये म्हणून खिडकीची जागा राखली. जुन्या मराठी कवितेत मात्रा भरून काढण्यासाठी 'पै', 'हो' अशी अर्थशून्य अक्षरे येतात, तसाच हा प्रकार. पादपूरणार्थक अक्षर अर्थ सांगत नाही, पण छंद आहे हे सांगते.

ह्या एकसारखेपणात भिन्नता कोठे आहे? दारात. दाराची चौकट, त्यावरील अर्धवर्तुळाकार काचेची जाळी, दरवाजाचा रंग, पायऱ्यांचा लोखंडी कठडा एवढ्याच जागी घराला स्वतःचे काही सांगण्याची मुभा. 'पाट' आणि 'पाठ' ह्या शब्दांत एकच वर्ण बदलतो आणि अर्थ पालटतो. तो वर्ण अर्थभेदक ठरतो तो बाकीचे वर्ण तेच राहिल्यामुळे. शेजारच्या दोन जॉर्जियन घरांची जोडी नेमकी अशी असते. भिंती समान असल्यामुळेच दारातील किंचित फरक डोळ्यांत भरतो. प्रत्येक घराने सर्वांगाने वेगळे व्हावयाचे ठरविले असते तर कोणताच फरक अर्थपूर्ण झाला नसता. आजच्या कोणत्याही वाढत्या शहराच्या उपनगरातून चक्कर मारली असता ह्या विधानाचा व्यत्यास पाहावयास मिळतो.

विटेविषयी थोडे. लंडनची पिवळसर तपकिरी वीट तेथल्याच मातीची. पाया व तळघर खणताना निघालेली माती पुष्कळदा जागेवरच विटांसाठी वापरली जाई आणि तीत घरगुती चुलींची राख मिसळली जाई. भिंतीत एक वीट लांबीने व एक डोक्याने अशी आळीपाळीने लावण्याची पद्धत रूढ होती. त्यामुळे भिंतीला अगदी जवळून पाहिले तरी दीर्घ-ऱ्हस्व, दीर्घ-ऱ्हस्व असा एक क्रम दिसतो. खिडकीवरील सपाट कमानीच्या विटा मात्र घासून, पाचराच्या आकाराच्या करून बसविलेल्या. कौशल्य दाखवावयाचे ते येथे. १७८४ पासून १८५० पर्यंत विटांवर कर होता, तरी वीट मागे हटली नाही.

दर्शनभिंतीच्या मागे काय होते, हा प्रश्न टाळून ह्या वास्तूचे गुणगान करणे अप्रामाणिक ठरेल. बाथ येथील रॉयल क्रेसंट हे त्रिसदस्यी म्हणावे तसे तीसघरी अर्धवर्तुळ १७६७ मध्ये सुरू होऊन १७७० च्या दशकाच्या मध्यास पुरे झाले. ते विटेचे नसून दगडाचे आहे, पण तत्त्व तेच. तेथे धाकट्या जॉन वुडने समोरची भिंत आखून दिली. तिचे तुकडे ज्यांनी घेतले त्यांनी मागील घर आपापल्या मनाप्रमाणे बांधले. समोरून पाहणाऱ्याला एक प्रासाद दिसतो आणि मागे जाणाऱ्याला पुढेमागे आलेल्या भिंती, वेगवेगळ्या उंचीची छपरे व विजोड खिडक्या. शिवाय प्रत्येक घर जमिनीपासून छपरापर्यंत उभे कापलेले. तळघरात स्वयंपाकघर, त्याहून वर जेवणघर, वर दिवाणखाना, वर शयनगृहे, अगदी वर नोकर. पाणी, कोळसा आणि अन्न ह्यांचा सारा प्रवास अरुंद जिन्यावरून माणसांच्या डोक्याखांद्यांवरून होई. दर्शनभिंतीचा शांतपणा ह्या जिन्याने सांभाळलेला आहे. खिडक्यांची उतरती भाजणी कौतुकाने वाचताना, सर्वांत वरची चौरस खिडकी कोणाच्या खोलीची आहे हे विसरणे हे समीक्षेचे अपुरेपण होय.

ओळीचे मोल एकेका घरावरून ठरवावयाचे की ओळीवरून, हा वाद एका शहरात प्रत्यक्ष निकराला आला. डब्लिनच्या लोअर फिट्झविल्यम रस्त्यावरील सोळा जॉर्जियन घरे तेथील वीजमंडळाने कार्यालयासाठी १९६० च्या दशकात लोकविरोध डावलून पाडली आणि शहरातील एक अत्यंत दीर्घ सलग घरओळ मध्येच तुटली. ह्या प्रकरणात मंडळाने ज्यांचे मत घेतले ते जॉन समरसन हे लंडनच्या जॉर्जियन वास्तूचे सर्वमान्य इतिहासकार होते. 'जॉर्जियन लंडन' हा त्यांचा १९४५ चा ग्रंथ अजूनही ह्या विषयाचे प्रवेशद्वार मानला जातो. १९६३ मध्ये बी.बी.सी.वरून त्यांनी अभिजात वास्तूच्या 'भाषे'वर व्याख्याने दिली. अशा विद्वानाने डब्लिनची ती घरे जतनास पात्र मानली नाहीत, कारण एकेक घर म्हणून त्यांत असामान्य काही नव्हते. हे निरीक्षण चुकीचे नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. वाक्यातील एकेक शब्द सामान्य आहे म्हणून वाक्य टाकाऊ ठरत नाही. वास्तूला भाषा म्हणणाऱ्यानेच शब्दकोश पाहून वाक्याचा निवाडा करावा, ही गोष्ट आश्चर्याची खरी. पाडलेल्या घरांच्या जागी बांधलेली कार्यालयाची इमारतही पुढे अर्धशतकाच्या आसपास टिकली आणि तीही पाडण्यात आली.

महाराष्ट्रात ह्या रचनेच्या सर्वांत जवळ येणारी वास्तू म्हणजे मुंबईच्या कोटातील एल्फिन्स्टन सर्कल, स्वातंत्र्यानंतरचे हॉर्निमन सर्कल. कालाच्या काटेकोर हिशेबाने ते जॉर्जियन नाही. जॉर्ज नावाच्या राजांची सलग कारकीर्द १८३० मध्ये संपली. ह्या वर्तुळाच्या इमारती १८६० च्या दशकातील आहेत. उलट वर्तुळाच्या पूर्वेस असलेला टाऊन हॉल, ज्याचे बांधकाम जॉर्जियन काळातच सुरू झाले आणि जो १८३३ मध्ये खुला झाला, तो डोरिक खांबांचा असूनही एकटा उभा आहे, ओळीत नाही. म्हणजे मुंबईत जॉर्जियन काळाची वास्तू ओळीची नाही आणि ओळीची वास्तू जॉर्जियन काळाची नाही. मराठी मार्गदर्शिकांतून दोहोंना एकाच विशेषणाने संबोधिले जाते, ते ह्यामुळे सोडून द्यावे हे बरे.

ह्या जागी पूर्वी 'बॉम्बे ग्रीन' हे मोकळे मैदान होते. येथे कापसाच्या गासड्यांचा व्यापार चाले. कापसाचा बाजार १८४४ मध्ये कुलाब्याकडे गेल्यावर मैदानाला अवकळा आली. पोलिस कमिशनर चार्ल्स फोर्जेट ह्यांनी तेथे वर्तुळाकार बाग व तिच्याभोवती एकसारख्या इमारती अशी योजना मांडली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्यांच्यानंतरचे सर बार्टल फ्रियर ह्यांनी तिला पाठबळ दिले. जागेचे भूखंड पाडून विकण्यात आले आणि खरेदीदारांवर समान दर्शनभिंतीचे बंधन आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता. त्याच पैशावर ही कमानींची रांग चढली. बाग १८७२ मध्ये पुरी झाली. तटबंदी पाडण्यास १८६२ मध्ये प्रारंभ झाला होता, तेव्हा कोट उघडा होत असतानाच त्याच्या गर्भात हे बंदिस्त वर्तुळ आखले गेले, ही संगती लक्षात घेण्याजोगी आहे.

वर्तुळाची कल्पना बाथच्या घरओळींवरून सुचलेली आहे हे पाहताक्षणी कळते. प्रश्न असा की ह्या भाषांतरात काय आले आणि काय गळाले. आले ते एकत्व : समान उंचीची, एकाच वक्ररेषेवर फिरणारी दर्शनभिंत. गळाले ते घर. ह्या इमारतींत पेढ्या, बँका, विमा कंपन्या आणि कार्यालये नांदली; त्यांची विभागणी मजल्यामजल्याने झाली. लंडनची ओळ उभी कापलेली असते, मुंबईची आडवी. लंडनमध्ये सामाईक भिंत हा वाक्यातील शब्दांमधला अवकाश असतो आणि प्रत्येक दार नव्या शब्दाचा आरंभ सांगते. मुंबईत तो अवकाश नाहीसा होऊन संपूर्ण वक्र म्हणजे एकच दीर्घ सामासिक शब्द होतो. कोठे एक मालकी संपते आणि दुसरी सुरू होते हे भिंतीवरून वाचता येत नाही. ह्या अर्थाने हॉर्निमन सर्कल हे बाथच्या क्रेसंटपेक्षा गिरणगावातील चाळीच्या अधिक जवळचे आहे, असे म्हटल्यास प्रथम धक्का बसेल. परंतु आडवी विभागणी, सामाईक जिना आणि समोरून धावणारी सलग मोकळी पट्टी ही दोहोंची लक्षणे एकच आहेत. १९२० नंतर उभ्या राहिलेल्या बी.डी.डी. चाळींच्या २०७ इमारतींत तीच आडवी विभागणी दारिद्र्याच्या मापाने मांडलेली होती.

भाषांतरात काही भरही पडली, आणि ती मोलाची आहे. तळमजल्यावरील कमानींची सलग पडवी जॉर्जियन विटांच्या घरओळीत नसते. तेथील दर्शनभिंत सपाट असते, छप्पर भिंतीबाहेर येत नाही. वर्षाकाठी सुमारे सहाशे मिलिमीटर पावसाच्या शहरात ते चालून जाते. दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस बहुतांशी चार महिन्यांत झेलणाऱ्या मुंबईत तो सपाटपणा आत्मघातकी ठरला असता. म्हणून दर्शनभिंत मागे सरली आणि पुढे कमानी आल्या. ह्या पडवीखालून कोणीही जाऊ शकतो. लंडनच्या दारापुढे खंदकासारखी खोलगट जागा व लोखंडी कठडा असतो. तो पादचाऱ्याला दूर ठेवतो. मुंबईची पडवी त्याला आत घेते. फेरीवाला, दलाल, पावसात अडकलेला कारकून ह्या सर्वांना तिने आसरा दिला. मूळ संहितेत नसलेला हा श्लोक भाषांतरकाराने घातला, आणि भाषांतरातील उत्तम श्लोक तोच ठरला. एल्फिन्स्टनचे नाव जाऊन ज्याचे नाव आले तो बेंजामिन हॉर्निमन 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक होता आणि १९१९ मध्ये सरकारने त्याला हद्दपार केले होते. नामांतराने वास्तूत काही बदल झाला नाही, पण वाचनात झाला. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीने अशा समूहांचा समूह म्हणून विचार करण्याची सोय केली. डब्लिनमध्ये जी चूक झाली ती येथे कायद्याने तरी टाळली, असे म्हणता येईल.

कोल्हापूर संस्थानाने ही घरओळ स्वीकारली नाही. मेजर चार्ल्स मँट ह्यांनी तेथे टाऊन हॉल, १८७७ ते १८८४ ह्या काळातील नवा राजवाडा आणि इतर सार्वजनिक वास्तू दिल्या. त्या सर्व एकट्याने उभ्या राहणाऱ्या, घुमट-मनोऱ्यांच्या. करवीरच्या वास्तूविषयी लिहिणारे बहुधा येथेच थांबतात. ओळीचा अभ्यास करावयाचा तर मात्र राजवाडा सोडून गल्लीत, आणि शहर सोडून गावात जावे लागते.

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बिद्री हे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे ऊसपट्ट्यात सर्वपरिचित झालेले गाव. बिद्री, मुरगूड ह्या भागातील जुन्या गावठाणांत रस्त्याकडे अरुंद तोंड आणि मागे लांब खोली असलेली, बाजूच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक असलेली घरे ही नेहमीची रचना होती. पुढे सोपा, मग मधला सोपा वा माजघर, मग स्वयंपाकाची जागा आणि शेवटी परडे. भिंती दगडी जोत्यावर भेंड्यांच्या किंवा भाजक्या विटांच्या. आत लाकडी खांब-तुळया. वर कौले, रस्त्यावर पुढे आलेली. अरुंद तोंड, सामाईक भिंत, सलग रेषा ही लंडनच्या ओळीची तिन्ही मूलतत्त्वे येथे कोणत्याही सरदाराच्या भाडेपट्ट्यावाचून आणि संसदेच्या कायद्यावाचून सिद्ध झाली होती. साम्य केवळ वरवरचे नाही, फरकही नाही.

फरक आहे तो गणनेच्या एककात. १७७४ चा कायदा घराचा वर्ग पौंडांनी आणि चौरस फुटांनी ठरवितो, आणि त्या वर्गाचे चिन्ह दर्शनभिंतीवर उमटते. कोल्हापूरकडे घराचे माप सोप्याने आणि खणाने सांगितले जाई : दोनसोपी, तीनसोपी, चौकाभोवती चारही बाजूंना सोपे असले की चौसोपी वाडा. खण म्हणजे दोन खांबांमधील अवकाश. तुळईच्या लांबीने त्याला आपोआप मर्यादा पडते, आणि गल्लीतील साऱ्या घरांची तुळई साधारण त्याच झाडांची असल्याने सर्वांचे खण साधारण सारखे. गल्लीच्या एकत्वाचे मूळ समोरच्या भिंतीत नसून आतील लाकडात होते. लंडनची ओळ बाहेरून आत वाचावी लागते, बिद्रीकडील ओळ आतून बाहेर. आणखी असे की जॉर्जियन दर्शनभिंत ही घराचा चेहरा असते आणि तो बंद असतो. सोपा हा घराचा चेहराच नव्हे. तो रस्ता आणि घर ह्यांच्यामधील बसण्याची जागा आहे. मुंबईच्या वर्तुळातील पडवीचे मर्म लंडनमध्ये शोधण्यापेक्षा ह्या सोप्यात शोधावे, असे सुचविण्यास पुरेसा आधार आहे. ऐतिहासिक ऋण सिद्ध करण्यास तो पुरेसा नाही.

गावठाणांतील ही घरे आता वेगाने जात आहेत. उसाचा पैसा आला, स्लॅबचे घर परवडू लागले, आणि गळक्या कौलांच्या, ओल धरणाऱ्या भिंतींच्या घरात राहणाऱ्याने पक्के घर बांधले म्हणून त्याला दोष देणे हे ज्याला तेथे पावसाळा काढावयाचा नाही अशानेच करावे. परंतु बदलले ते केवळ साहित्य नव्हे. काँक्रीटला खणाची मर्यादा नाही; तुळई जेवढी हवी तेवढी ओतता येते. आजच्या बांधकामाच्या परवान्याची गणती चौरस मीटरांत चालते. खण त्याला ठाऊक नाही. त्यामुळे एका घराची उंची, जोते, पुढे आलेला सज्जा ह्यांचा शेजारच्याशी काहीच मेळ राहत नाही, आणि तो राहावा असे सांगणारा भाडेपट्ट्याचा मालकही येथे नाही. लंडनमध्ये ओळ टिकली ती कागदाने. येथील ओळ लाकडाने टिकली होती आणि लाकूड गेले. आपल्याकडील वास्तुसंवर्धनाचा विचार वाडे, किल्ले आणि देवळे ह्यांभोवती फिरतो. एकेक घर म्हणून 'असामान्य काही नाही' असा समरसन ह्यांचा निकष येथे लावला तर ह्या गल्ल्यांतील एकही घर वाचविण्याजोगे ठरणार नाही, आणि प्रत्यक्षात तोच निकष न बोलता लावला जात आहे. निदान जी गल्ली अजून सलग उभी आहे तिचे मापन खणांच्या हिशेबाने व्हावे, आणि ते मापन एकेका घराचे न होता सबंध ओळीचे व्हावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका उन्हाळ्याच्या सुटीत पुरे होण्याजोगे हे काम आहे, आणि फार सुट्या हाताशी नाहीत.

हे मापन करताना शब्दही टिपले पाहिजेत, कारण शब्द वास्तूपेक्षा मागे रेंगाळतात. स्लॅबच्या नव्या घरातही पुढच्या खोलीला सोपाच म्हणतात. पाहुण्याला 'सोप्यात बसा' असेच सांगितले जाते. मात्र त्या घराला कोणी दोनसोपी किंवा तीनसोपी म्हणत नाही. सोपा हा शब्द खोलीचे नाव म्हणून उरला, मापाचे एकक म्हणून संपला. घराचे माप आता 'टू बी. एच. के.' असे सांगतात. आणि त्याच घरात 'टेरेस' म्हणजे जिना चढून गेल्यावर लागणारी ती जागा, जिच्यावरून शेजारच्या घराचे छप्पर वेगळ्याच उंचीवर दिसते.